पदवी नसलेलं पदवी प्रमाणपत्र : सोलापुरातल्या एका स्मृती शिष्यवृत्तीचं प्रकरण

शिष्यवृत्तीच्या अर्जाला नऊ कागद जोडलेले होते. तिसरा कागद इंग्रजीत. वर सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसचं नाव, खाली गोल शिक्का, मधे ठळक अक्षरांत 'ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट'. मी तपासणी यादीत 'पदवी' या रकान्यापुढे लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि चौथा कागद उचलला. पुढचे तीन महिने जो घोळ झाला तो त्या खुणेतून झाला, म्हणून सुरुवात तिथून करतो.

खूण करणारा नवखा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात ३१ वर्षं काढली. प्रवेश, पात्रता, टीसी, मायग्रेशन, परीक्षा फॉर्म, सगळी टेबलं फिरून झाली. पोरं 'भाऊसाहेब' म्हणायची. बोगस गुणपत्रिका कागद हातात घेतल्या घेतल्या ओळखतो अशी माझी ख्याती होती, निदान माझ्या स्वतःच्या मते तरी. निवृत्तीनंतर या शिष्यवृत्तीच्या समितीत मला घेतलं ते याच भरवशावर.

ज्याचं हे प्रकरण आहे त्याची, आणि शिष्यवृत्ती ठेवणाऱ्या घराचीही, परवानगी घेऊन लिहितोय. नावं कुणाचीच देत नाही.

ट्रंक

आमच्या गल्लीतलं एक घर. वडील मिलमध्ये साचा खात्यात होते, मिल बंद पडल्यावर वॉचमनकी केली. आईनं विड्या वळून संसाराला हातभार लावला. धाकटा मुलगा फौजेत गेला आणि ड्युटीवर असताना गेला. पाच-सहा आठवड्यांनी युनिटमधून त्याचं सामान आलं. काळी पत्र्याची ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. आत गणवेश, दाढीचं सामान, शेंगा चटणीची रिकामी बरणी, आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली मुक्त विद्यापीठाची पुस्तकं. बीए पहिलं वर्ष. पुस्तकांत गुणपत्रिका होती. बाकी विषय सुटलेले, इंग्रजी राहिलेलं. पोरगा शिकतोय हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पास झाल्यावर सांगणार असेल.

आलेल्या पैशातले १४ लाख त्यांनी बँकेत ठेव म्हणून ठेवले. व्याज वर्षाला ९५ हजारांच्या आसपास येतं. त्यातून ४० हजारांच्या दोन शिष्यवृत्त्या, उरलेल्यात झेरॉक्स, टपाल आणि स्मृतिदिनाचा चहा. समिती पाच जणांची : आई, वडील, एक निवृत्त बँक अधिकारी, एक निवृत्त मराठीच्या बाई आणि मी. सीए मित्र दर वर्षी सांगतात की धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंदणी करून घ्या. दर वर्षी आम्ही हो म्हणतो.

अट एकच, आणि ती आईंची : फौजीनं स्वतः शिकायचं.

ही अट ऐकायला साधी वाटते, पण पहिली दोन वर्षं आमच्याकडे आलेले बहुतेक अर्ज फौजींच्या मुलांचे होते. मुलगी इंजिनीअरिंगला, मुलगा फार्मसीला, असेच. त्यात त्या लोकांची चूक काहीच नव्हती. सैनिकांसाठीची शिष्यवृत्ती म्हटलं की डोळ्यांपुढे मुलंच येतात, कारण व्यवस्थाच तशी आहे. केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती घ्या : महिना मुलांना २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये, पण मिळते ती माजी सैनिकांच्या पाल्यांना आणि विधवांना. खुद्द जवानासाठी पुनर्वसन महासंचालनालयाचे छोटे कोर्स असतात, तेही बाहेर पडण्याआधीच्या काळात. पस्तिशीत घरी आलेला माणूस पुन्हा वहीपेन घेऊन बसेल, हे कुणाच्या हिशोबातच नाही. त्याच्याकडून अपेक्षा एकच असते : बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहणं.

अर्जदार

मोहोळ तालुक्यातला. बारावीनंतर बेळगावला मराठा रेजिमेंटल सेंटरमध्ये भरती, जनरल ड्युटी. १७ वर्षं नोकरी झाल्यावर स्वतः अर्ज करून नाईक पदावरून बाहेर पडला. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षं लागतात, ती झालेली होती. कम्युटेशनचा, म्हणजे आगाऊ उचललेल्या पेन्शनचा, हप्ता वजा जाऊन हातात येतं ते २२ हजारांच्या आसपास. बायको, दोन मुली, आजारी आई, चार एकर जिरायत.

बाहेर का पडला, तर बांध. चुलतभावाशी बांधावरून दावा सुरू होता आणि तो स्वतः सीमेवर. १९२५ चा एक कायदा आहे, विशेष परिस्थितीत तैनात असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्धचा खटला कोर्टानं थांबवावा अशी सोय करणारा. हे त्याला कुणी सांगितलं? वकिलानं नाही. युनिटमधल्या क्लार्कनं. त्यानं सर्टिफिकेट करून दिलं, ते मोहोळच्या कोर्टात लागलं आणि तारीख थांबली. एका कागदानं कोर्ट थांबतं हे बघून या माणसाच्या डोक्यात वकिलीचं शिरलं. मुलाखतीत त्यानं हेच सांगितलं, आणि आम्ही पाचही जण त्याच्यावर खूश झालो. बाईंनी तर नंतर म्हटलं, "याला नाही द्यायची तर कुणाला?"

तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघून दिली होती आणि पर्सेंटाइल चांगला आला होता. जुलैत आम्ही त्याची निवड केली.

तिसरा कागद

ऑगस्टच्या शेवटी तो दारात उभा. पायात तेच काळे बूट, हातात तीच रंगीत चिठ्ठ्या लावलेली फाइल. "साहेब, एलएलबीच्या प्रवेशाचा अर्ज छाननीत परत आला."

शेरा असा : पदवीची गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र जोडावे. त्यानं तोच कागद पुन्हा स्कॅन करून जोडला. पुन्हा परत. दुसऱ्यांदा परत आल्यावर त्याला वाटलं स्कॅन पुसट आलं असेल, म्हणून मोहोळातल्या दुसऱ्या सायबर कॅफेत जाऊन रंगीत स्कॅन काढलं. तिसऱ्यांदा परत आल्यावर तो माझ्याकडे आला.

मी कागद घेतला आणि या वेळी वाचला. खरोखर वाचला. त्यात विद्यापीठाचं नाव नव्हतं. बैठक क्रमांक नव्हता. गुण नव्हते, श्रेणी नव्हती, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष नव्हतं. होतं ते इतकंच की या जवानाची सेवा १५ वर्षांपेक्षा जास्त झाली आहे आणि नियमानुसार तो पदवी ही अट असलेल्या गट क च्या पदांवर नेमणुकीला पात्र धरला जाऊ शकतो.

कॉलेजातल्या नोकरीत असा कागद कधी आला असता तर पहिल्या दहा सेकंदांत बाजूला काढला असता. इथे मात्र वर सैन्याचा शिक्का होता, आणि तो बघून माझ्यातला क्लार्क सावधान उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथल्या कल्याण संघटकांना हे प्रकरण नवीन नव्हतं. त्यांनी समजावलं ते असं. माजी सैनिकांना केंद्राच्या नोकऱ्यांत सामावून घेण्याचे १९७९ चे नियम आहेत, गट क मध्ये १० टक्के जागा राखीव आहेत. पण दहावीला भरती झालेल्या जवानानं पंधरा वर्षं डोंगरात काढल्यावर त्याला पदवी कुठून आणायला सांगायची? म्हणून १९८६ मध्ये तरतूद झाली की दहावी किंवा सैन्याचं समकक्ष शिक्षण प्रमाणपत्र आणि १५ वर्षं सेवा असेल, तर पदवी मागणाऱ्या गट क च्या राखीव जागेसाठी त्याला पात्र धरता येईल, मात्र ते काम तांत्रिक स्वरूपाचं नसावं. रेकॉर्ड ऑफिस जो कागद देतं तो या तरतुदीचा दाखला. नोकरीच्या दारात तो चालतो. विद्यापीठाच्या दारात चालत नाही, कारण तिथे पात्र धरून भागत नाही, शिकलेलं असावं लागतं.

तरतूद चांगली आहे, मला त्यात खोट दिसत नाही. खोट आहे ती नावात. सतरा वर्षं हुकूम जसा लिहिला तसा पाळायची सवय लागलेल्या माणसाच्या हातात तुम्ही 'ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट' लिहिलेला कागद ठेवता, तर तो स्वतःला ग्रॅज्युएट समजणारच. गावात सत्कार झाला तेव्हा फ्लेक्सवरही तसंच छापलं होतं.

पन्नास टक्के

घोळ इथवरच असता तर सोपं होतं. पण सीईटीच्या प्रवेश फॉर्ममध्ये पदवीच्या टक्केवारीची चौकट असते आणि ती रिकामी सोडता येत नाही. कागदावर गुण नाहीत. कॅफेवाल्या पोरानं "काका, कायतरी टाकावंच लागतंय" म्हणून ५० टाकले आणि पुढचं पान उघडलं.

हे आम्हाला त्यानंच सांगितलं. कुणी विचारलेलं नव्हतं.

समितीची बैठक गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, शिष्यवृत्ती ठेवणाऱ्या आई-वडिलांच्या घरी. बाहेर मंडळाच्या पोरांचा लेझमीचा सराव चाललेला, त्यामुळे प्रत्येकाला आवाज चढवून बोलावं लागत होतं आणि सगळेच चिडल्यासारखे वाटत होते. बँकेतले साहेब मात्र खरंच चिडले होते. त्यांचं म्हणणं : शासकीय फॉर्मवर खोटी टक्केवारी भरली गेली आहे, ती कुणी भरली हा प्रश्न दुय्यम, सही अर्जदाराची आहे, निवड रद्द करा आणि इतिवृत्तात कारण लिहा. उद्या दुसरा कुणी खरंच बनावट कागद घेऊन आला तर आपण काय तोंडानं नाही म्हणणार?

त्यांच्या म्हणण्यात वजन होतं आणि आजही आहे असं मी मानतो. बाईंनी उलट बाजू मांडली : माणसानं कागद बनवलेला नाही, सरकारनं दिलेला जसाच्या तसा जोडला आहे, आणि जी गोष्ट आपल्या भाऊसाहेबांना कळली नाही ती कॅफेतल्या पोराला कळावी ही अपेक्षा कशी करायची? माझ्याकडे न बघता त्या हे बोलल्या, तो त्यांचा मोठेपणा.

मी मध्येच म्हटलं की पहिली चूक माझी आहे, इतिवृत्तात आधी ती लिहा. साहेबांनी खरंच लिहिली.

मग आई बोलल्या. अर्जदार दाराजवळ मोड्यावर ताठ बसला होता. "बारावी झालीया का रं तुझी?"

"झाली की, आई. सत्तेचाळीस टक्के."

"मग त्यो कागद कुठाय?"

तो कागद गावाकडे होता, कारण आमच्या छापील अर्जात रकाना होता 'सर्वोच्च शैक्षणिक पात्रता'. सर्वोच्च म्हणजे एकच, असं समजून त्यानं ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट जोडलं आणि बारावीची गुणपत्रिका ट्रंकेत ठेवून दिली. सैन्यातल्या परीक्षा, एसीई थ्री वगैरे, मुलाखतीत सांगितल्या, बारावी सांगितलीच नाही. अर्जाचा तो नमुना मीच तयार केला होता.

पन्नास टक्क्यांचा निर्णय असा झाला : त्यानं त्याच दिवशी प्रवेश प्रक्रियेतून अर्ज मागे घ्यायचा आणि चुकीची माहिती भरली गेल्याचं लेखी कळवायचं. ते पत्र आमच्या समोर लिहून गेलं. साहेब तेवढ्यावर राजी झाले, पण निवड कायम ठेवण्याला त्यांनी मत दिलं नाही. चार विरुद्ध एक.

दोन रस्ते

आता त्याच्यापुढे काय होतं ते जरा तपशिलात सांगतो, कारण असे प्रश्न घेऊन नंतर आणखी दोघे आले.

वकिलीला दोन दारं आहेत. पदवीनंतर तीन वर्षांचा कोर्स, किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा. पाच वर्षांच्या कोर्सला खुल्या गटात बारावीला ४५ टक्के लागतात, याचे ४७. म्हणजे पात्र. पण दोन्हींच्या सीईटी वेगळ्या, आणि पाच वर्षांच्या कोर्सची त्या वर्षाची सीईटी होऊन गेली होती. दुसरी गोष्ट हजेरीची : बार कौन्सिलच्या नियमानं ७० टक्के हजेरी, आणि कायद्याची पदवी घरबसल्या मिळत नाही. पाच वर्षं रोज सकाळी मोहोळहून यायचं, अठरा वर्षांच्या पोरांबरोबर बसायचं आणि दोन मुलींची फी पेन्शनमधून भरायची.

दुसरा रस्ता : यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करायचं, तीन वर्षं, सोबत नोकरी, मग तीन वर्षांचा एलएलबी. एकूण सहा. इथे एक खड्डा आहे आणि तो मला तेव्हा पहिल्यांदा समजला. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत स्पष्टीकरण आहे की मूळ पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेली पदवी कायद्याच्या प्रवेशाला चालत नाही. म्हणजे बारावी न झालेला माणूस मुक्त विद्यापीठातून बीए झाला, तर त्याचा बीए खरा, पण वकिलीचं दार बंदच. याची बारावी रीतसर बोर्डाची होती, म्हणून तो सुटला. जी गुणपत्रिका त्यानं जोडायच्या लायकीची मानली नव्हती, तिच्यावरच आता सगळं उभं होतं.

शिष्यवृत्तीच्या नियमात शब्द होता 'नियमित अभ्यासक्रम'. मुक्त विद्यापीठ त्यात बसतं का? साहेब म्हणाले बसत नाही. वडील, जे बैठकीत क्वचित बोलतात, इतकंच म्हणाले, "आमचा पोरगा मग अनियमित शिकत हुता का?" तो शब्द खोडला गेला, एकमतानं.

मुक्त विद्यापीठाची प्रवेशाची मुदत अजून शिल्लक होती. त्यानं बीएला नाव घातलं.

फी हा खर्चच नाही

नाव घातल्यावर लक्षात आलं की आमचे ४० हजार कशासाठी द्यायचे तेच कळत नाही. बीएची फी काही हजारांत भागली. आमचा नियम 'शुल्कापोटी' पैसे द्यायचा. म्हणजे नियमानं बघितलं तर तीस-पस्तीस हजार परत आमच्याकडेच राहणार, आणि माणूस मात्र अडचणीत.

त्याची अडचण वेळेची होती. बाहेर पडण्याआधी त्यानं पुनर्वसनाचा सिक्युरिटी सुपरवायझरचा कोर्स केला होता, त्यावर चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रात्रपाळी मिळाली. अभ्यासकेंद्राची संपर्क सत्रं रविवारी सोलापुरात. रविवारी जोडपाळी लागली की दुप्पट पैसे मिळायचे, ते सोडून यावं लागायचं. त्याच्या शिक्षणाची खरी किंमत ती होती, बुडालेली जोडपाळी.

अमेरिकेत १९४४ मध्ये दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी जो कायदा झाला, जीआय बिल म्हणतात त्याला, त्यात कॉलेजच्या फीसाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत तर होतेच, शिवाय घरखर्चाला महिन्याला ५० डॉलर, आणि कुटुंब असेल तर ७५. सुमारे २२ लाख माजी सैनिक त्यावर कॉलेजात गेले. फी भरून माणूस शिकत नाही, त्याच्या घरची चूल पेटती ठेवावी लागते, हे त्या कायद्यानं तेव्हाच धरलं होतं. चौदा लाखांच्या ठेवीवर आम्ही काय अमेरिका होणार नाही. पण आम्ही रक्कम फोडली : महिना ३,००० प्रमाणे बारा महिन्यांचे ३६ हजार, आणि ४ हजार फी-पुस्तकांना. बिलं मागायची नाहीत. साहेबांनी इथे मात्र जोरात पाठिंबा दिला. बँकेत राहून त्यांना ठाऊक होतं की बिलं मागितली की बिलं येतात.

तारखेचा प्रश्न त्याहून नाजूक. आमचं वाटप जानेवारीत, स्मृतिदिनाला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आसपास. प्रवेशाचे पैसे भरायचे जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे दोन वर्षं आम्ही फोटो काढून पैसे देत होतो ते माणसानं कर्ज काढून फी भरल्यावर पाच महिन्यांनी. हे बोलायचं कसं? जानेवारीची तारीख त्या घराची होती. शेवटी बाईंनी आईंशी स्वयंपाकघरात बोलून घेतलं. बाहेर येऊन आईंनी सांगितलं की जानेवारीत हार घालू, चहा करू. पैसे जुलैत देऊन टाका.

लेखणी

बाईंनी त्याला रविवारी सत्र संपल्यावर घरी यायला सांगितलं. पहिला स्वाध्याय त्यानं लिहून आणला तो मी पाहिला आहे. प्रश्न राज्यघटनेच्या वैशिष्ट्यांचा. उत्तर अनुक्रमांक घालून, प्रत्येक मुद्दा दीड ओळीचा, समास आखलेला, शेवटी तारीख, वेळ आणि सही. कुठेही खाडाखोड नाही. वाक्यं अशी : 'सदर संविधान लिखित स्वरूपात उपलब्ध आहे.' सतरा वर्षं हिंदीत बोलून-लिहून मराठीत 'आवेदन', 'जानकारी', 'कारवाई केली गेली' असं सगळं मिसळलेलं. बाई म्हणाल्या, "हा स्वाध्याय नाही, पोलीस ठाण्याचा रिपोर्ट आहे." तो म्हणाला, "मॅडम, चूक राहू नये म्हणून कमी लिहिलं."

त्यावर बाईंनी त्याला बांधाची हकिगत लिहायला लावली. मुद्दे घालायचे नाहीत, चुलतभाऊ पहिल्यांदा नांगर घेऊन आत आला त्या दिवसापासून सुरू करायचं. अकरा पानं लिहून आणली. त्यात नांगराचा फाळ, मधल्या बोरीचं झाड, आईनं फोनवर रडत सांगितलेलं, सगळं होतं, आणि सहाव्या पानापासून मराठी सुधारलेलं होतं.

इंग्रजीला मात्र आमच्यापैकी कुणीच पुरं पडलं नाही.

अर्जाचा नवा नमुना

'सर्वोच्च शैक्षणिक पात्रता' हा रकाना आम्ही काढला. आता दहावीपासून पुढची प्रत्येक परीक्षा वेगळ्या ओळीत, सैन्यातल्या परीक्षांसाठी वेगळा तक्ता, आणि रेकॉर्ड ऑफिसच्या प्रमाणपत्रासाठी स्वतंत्र ओळ, 'नोकरीसाठी' असं शेजारी छापलेली. अर्ज मागवायचे जूनऐवजी फेब्रुवारीत, म्हणजे प्रवेशाचे फॉर्म भरायच्या आधी माणूस कागद घेऊन येईल. अर्ज न करता नुसते कागद दाखवायला आले तरी चालतं, असं आम्ही सैनिक कल्याण कार्यालयाच्या फलकावर लावलं आहे. यंदा कागद दाखवायला नऊ जण आले, शिष्यवृत्तीला अर्ज तिघांचेच. दोघे अजून नोकरीतच आहेत, सुटीवर आले होते. बाहेर पडायला एकाला दीड वर्ष आहे. माझ्या मते आमच्या चाळीस हजारांपेक्षा त्या दोघांसोबत बसून घालवलेली दुपार जास्त कामाची होती.

'माजी सैनिक' हा शब्दही बदलला, यावर मात्र दोन बैठका गेल्या. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली. चार वर्षांची सेवा, त्यातले २५ टक्के कायम होणार, बाकीचे सेवानिधीचे साधारण पावणेबारा लाख घेऊन घरी. पहिल्या तुकड्या २०२६ च्या अखेरपासून बाहेर पडू लागतील. त्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही, म्हणजे आमच्या जुन्या शब्दात ते बसले नसते. वयानं मात्र तेच खरे विद्यार्थी, बाविशी-पंचविशीतले. त्यांच्यासाठी इग्नूनं तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी काढली आहे, सैन्यातल्या प्रशिक्षणाला त्यात निम्मे क्रेडिट. साहेबांचं मत : ज्याच्या हातात पावणेबारा लाख आहेत त्याला आपले चाळीस हजार कशाला? बाईंचं मत : ते पैसे बहिणीच्या लग्नात जातील. दोघेही बरोबर असू शकतात. तूर्त नियमात 'सैन्यदलातून सेवा करून आलेला' असं लिहिलंय आणि निवडीच्या वेळी बघू असं ठरलंय.

सध्या

पहिल्या वर्षाचा निकाल लागला. बाकी विषय सुटले, इंग्रजी राहिलं. नूतनीकरणाच्या नियमात होतं 'सर्व विषयांत उत्तीर्ण'. मी एटीकेटीचा नियम समजावून सांगायला तोंड उघडलं, तोवर वडील उठून आत गेले आणि ट्रंकेतली प्लास्टिकची पिशवी घेऊन बाहेर आले. त्यांनी ती उघडली नाही, टेबलावर ठेवली. साहेबांनी पेन काढलं आणि नूतनीकरणावर पहिली सही त्यांची झाली.

इंग्रजीची फेरपरीक्षा एका मंगळवारी आली. त्याच मंगळवारी मोहोळला बांधाची तारीख. आता तो सेवेत नाही, त्यामुळे १९२५ चा कायदा त्याला लागू नाही. तारीख वाढवून मागायची तर साध्या माणसासारखी मागायची. मुदतीचा अर्ज त्यानं स्वतः लिहिला, एका पानाचा, परीक्षेचं हॉलतिकीट जोडून. वकिलाकडे देण्याआधी बाईंना दाखवला. त्यांनी पूर्ण वाचला, मथळ्यातला 'आवेदन' खोडून वर 'अर्ज' लिहिलं आणि परत दिला.